पालथा घडा आणि डाव्या हाताचं बोट

साल दोन हजार बावीस. गोंदिया जिल्हा आपल्या भंडाऱ्यापासून वेगळा होऊन तेवीस वर्षं झाली होती, तरी आसगावच्या विमलाबाई दोन्ही जिल्हे अजून एकच धरून बोलत. चांगली जोडलेली वस्तू कोणी फोडू नये, असं त्यांचं म्हणणं. फोडण्याच्या विषयात विमलाबाई फार हळव्या होत्या आणि त्याला कारण होतं. ते सांगतेच.

त्या वर्षीच्या वैशाखात, दुपारच्या चहाचा कप खाली ठेवून त्यांनी जाहीर केलं, "सरिता, माहा व्हिडिओ काढ. आठ दिवसांत साऱ्या मुलखानं पाह्यला पाहिजे. नाही पाह्यला तं मी नावाची विमला नाही!"

सरिता म्हणजे सून. मुलगा अश्वजित वरठीच्या कारखान्यात, तो शनिवारी येई आणि सोमवारी जाई. घरात उरत तिघं: विमलाबाई, सरिता आणि विमलाबाईंचे यजमान यादोराव.

"कायचा व्हिडिओ, आत्याबाई?"

"लांब रोटीचा!"

लांब रोटी तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर दोन शब्दांत सांगते. कणीक इतकी सैल भिजवायची की ती परातीत पाण्यासारखी हलली पाहिजे. मग तिचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायचा, आणि चुलीवर पालथा घातलेल्या मातीच्या घड्यावर एका झटक्यात पसरायचा. हात चुकला तर रोटी चुलीत जाते आणि फारच चुकला तर घडा जातो. विमलाबाईंसारखी रोटी पवनी तालुक्यात कोणाच्या हातची नव्हती. हे मी नाही, त्याच सांगत.

"पण सारा मुलूख कायले पाहिजे तुमाले?"

विमलाबाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "मले गोदी पाहिजे."

गोदी म्हणजे गोदावरी. माहेरी शेजारच्या घरची, बरोबरीची, एकाच पाटीवर दोघींनी ग म भ न गिरवलेलं. एकोणीसशे चौऱ्याहत्तरला लग्न होऊन ती भिलाईला गेली. पुढे तिच्या भावांनी घर विकलं, आईवडील गेले आणि पत्ता हरवला. अठ्ठेचाळीस वर्षांत एक चिठ्ठी नाही. व्हिडिओ जगभर जातो म्हणतात, तर भिलाई काय जगाबाहेर आहे? गोदी पाहील, ओळखील आणि फोन करील. असा साधा हिशेब.

पण गोदी कशाला हवी होती, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

अडुसष्ट साल. वैशाख पौर्णिमेला घरी पवनीचे पाहुणे जेवायला यायचे होते. विमलाची आई जनाबाई हिने घड्याला आठ दिवस तेलपाणी करून तो तयार ठेवला होता. आई विहिरीवर गेली तशी बारा वर्षांच्या विमलीने रोटी टाकून पाहिली, आणि घड्याचे पाच तुकडे झाले. आवाज ऐकून आई धावत आली. विमलीने डोळे बशीएवढे केले, डाव्या हाताचं बोट शेजारी उभ्या गोदीकडे लांब केलं आणि म्हणाली, "गोदीनं धक्का देल्ला!" जनाबाईने चुलीची फुकणी उचलली आणि गोदीच्या पाठीत दोन हाणल्या. गोदी एक शब्द बोलली नाही. हात पोटाशी घट्ट धरून, मान खाली घालून उभी राहिली. जणू एखादी तपस्विनीच!

त्या गप्प राहण्याने विमलाबाईंना चौपन्न वर्षं सुखाची झोप येऊ दिली नव्हती. मरायच्या आधी एकदा गोदीची माफी मागायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पहिल्या व्हिडिओची बातमी यादोरावांच्या कानी गेली आणि तिथेच घोटाळा झाला. यादोराव एस. टी.चे निवृत्त कंडक्टर आणि गावच्या नाट्यमंडळाचे तीस वर्षांचे सचिव. आपल्या झाडीपट्टीतलं नाटक तुम्ही पाहिलंच असेल. पडदा वर जाण्याआधी उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि विशेष उपस्थिती यांचे सत्कार होतात. त्याशिवाय नाटक सुरू करणं म्हणजे यादोरावांच्या लेखी तिकीट न फाडता गाडी सोडणं!

"अशी कशी उघडीबोडकी रोटी दाखोता?" ते म्हणाले. "आधी उद्घाटन पाहिजे!"

त्यांनी मंडळाचा जुना बॅनर अंगणात चुलीमागे बांधला. त्यावर 'संपर्क: यादोराव' आणि त्यांचा मोबाइल नंबर ठळक अक्षरांत. सूत्रसंचालनाला ताराचंद आले. ताराचंद म्हणजे मंडळाचे निवेदक. चाळीस वर्षांत त्यांनी इतके सत्कार केले आणि स्वतःचे करून घेतले होते की नुसता टॉवेल खांद्यावर पडला तरी त्यांचे हात आपोआप जोडले जात.

"अविभाजित भंडारा जिल्ह्याच्या रोटीपरंपरेतील अनमोल रत्न..." ताराचंदांनी सुरुवात केली. पुढे सहा सत्कार झाले. यादोरावांनी फीत कापली. विमलाबाई हातावर कणीक घेऊन ताटकळत होत्या, कणीक कोपरावरून खाली ओघळत होती.

"आता आपल्यासमोर सादर होत आहे..."

विमलाबाईंनी हात उचलला आणि सरिता ओरडली, "थांबा! मोबाइल भरला!"

चौदा मिनिटांचा व्हिडिओ निघाला. त्यात रोटी नव्हती. तरी यादोरावांच्या हट्टाने तो टाकला. दोन दिवसांत एकोणीस जणांनी पाहिला. त्यातले अकरा यादोराव स्वतः होते, बाकीचे ताराचंद.

"काहून पाहून नाही राहिले लोक?" विमलाबाईंना काही कळेना. "मंग लोक पाह्यते काय?"

सरितेने मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दाखवला. तलावात एक म्हैस बसली होती.

"हे काय करून राहिली?"

"काहीच नाही. बसून आहे."

"आता उठन का?"

"नाही उठत शेवटपर्यंत."

"मंग लोक काय पाहून राहिले?"

"बसलेली म्हैस."

"किती जणायनं पाह्यलं?"

"तीन लाख."

विमलाबाई बराच वेळ त्या म्हशीकडे पाहत राहिल्या. चेहरा काही खास नव्हता. आवाज नव्हता, उद्घाटक नव्हता. तीन लाख! त्यांच्या सासरी पाच म्हशी होत्या आणि पाचही दिवसभर बसून असत. तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

सरितेने मग कुठल्याशा बाईंचे 'व्हिडिओ व्हायरल कसा करावा' असे धडे ऐकले आणि सासूला समजावून दिले. "आत्याबाई, पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे."

"तीन सेकंदांत तं माहा पदर बी खोचून होत नाही."

"आणि भावना पाहिजे. तुमी मनापासून बोला. पाहणाऱ्याचं काळीज हाललं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सत्कार टाळण्यासाठी यादोरावांना ताराचंदांकडे पाठवलं आणि विमलाबाई मनापासून बोलायला बसल्या. पण लाकडं ओली निघाली. चूल अशी धुमसली की सरितेला सासू दिसेना. धुरातून आवाज तेवढा येत होता, "गोदे... कुठं आहेस वं... मले तुह्याशी बोलाचं आहे... लय वर्सं झाले..." आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. भावना तर अशी उतरली की विचारू नका!

या व्हिडिओला चारशे लोक आले. विमलाबाई हरखल्या. पण खाली लोकांनी काय लिहिलं होतं? 'म्हातारीला या वयात चुलीवर राबवतात, लाज वाटली पाहिजे!' 'सून व्हिडिओ काढण्यापेक्षा रोट्या का टाकत नाही?' 'आजी, जवळच्या पोलीस ठाण्यात जा.'

संध्याकाळी सरितेच्या आईचा भंडाऱ्याहून फोन. "काहून वं, आमी तुले हेच शिकवलं का?"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तंटामुक्त समितीच्या सत्यभामाबाई दारात. हातात वही, चेहऱ्यावर न्याय.

"विमलाबाई, खरं सांगजा, भेवू नका. सून जेवाले देते का?"

"देते की."

"पोटभर?"

"अवो बाई, मले शुगर आहे. डॉक्टरच पोटभर देऊ देत नाही!"

"म्हणजे देत नाही," असं म्हणत सत्यभामाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "आणि हे गोदी कोन? कोनाले बोलावून राहिल्या होत्या तुमी रडून रडून? लेक आहे का तुमची?"

"मैतरीन आहे. लहानपणची."

"पाहा! मनातलं सांगाले घरात कोनी नाही!" सत्यभामाबाईंनी पुन्हा लिहिलं.

सरिता आत भांडी आपटत होती. त्यामुळे तंटा आहे याबद्दल समितीची खात्रीच पटली. शेवटी सरितेने रागारागात चहा आणि तीन रोट्या पुढे आणून ठेवल्या. सत्यभामाबाईंनी तिन्ही खाल्ल्या, तंटा नसल्याची नोंद केली आणि उरलेली कणीक कोणी टाकू नका म्हणून बजावून गेल्या.

"आता शेवटचा," सरिता म्हणाली. "कोरडे लाकडं. सत्कार नाही, रडणं नाही. आणि आत्याबाई, लय महत्त्वाची गोष्ट. पाहणाऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून बोलाचं. नजर मोबाइलवर पाहिजे, खाली पाहाचं नाही. तवाच माणूस जोडला जाते."

मंगळवारी मांडामांड झाली. मोबाइल तांदळाच्या पोत्यावर टेकवून ठेवला. बॅनर सोडायचा राहून गेला होता, तो तसाच मागे. यादोराव लांब, सात-आठ हातांवर, बाजेवर बसून बशीत चहा ओतत होते. ताराचंद 'नुसता पाहाले आलो' म्हणून चुलीशेजारी येऊन टेकले होते.

"आधी तालीम करू," सरिता म्हणाली. "मी चालू ठेवतो, कसं दिसते ते पाहाले."

यादोरावांना राहवेना. त्यांनी बाजेवरूनच गाडी सोडल्यासारखा आवाज दिला, "चला, डबल!"

विमलाबाईंनी गोळा उचलला. हातांवर झेलला, लांबवला आणि डोळे मोबाइलवर रोखले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घड्याकडे न पाहता रोटी टाकली.

रोटी घड्यावर गेलीच नाही. ती ताराचंदांच्या दोन्ही खांद्यांवर शालीसारखी पसरली. कोपर घड्याला लागलं. घडा चुलीवरून घरंगळला, दगडावर आपटला आणि त्याचे तुकडे अंगणभर झाले. ताराचंदांनी सवयीप्रमाणे डोळे मिटून, किंचित झुकून, हात जोडले!

आणि विमलाबाईंनी? विचार करायला वेळच मिळाला नाही. डोळे बशीएवढे झाले. डाव्या हाताचं बोट लांब झालं, थेट बाजेकडे. "यायनं धक्का देल्ला!"

सात-आठ हातांवर बसलेल्या यादोरावांच्या दोन्ही हातांत बशी होती. त्यांनी मागे वळून पाहिलं, की आपल्या पाठीमागे कोणी उभं आहे का.

तालीम संपली. नवा घडा आणल्याशिवाय पुढचं काही होणार नव्हतं. विमलाबाई पाय धुऊन आत जाऊन पडल्या. पण सरितेला हसू आवरेना. तिने तेवढे चौदा सेकंद सासूला न विचारता टाकून दिले.

सकाळी यादोरावांचा फोन वाजायला लागला तो थांबेना. बॅनरवरचा नंबर वाचून पार नाशिकहून लोक विचारत होते, "काका, एवढ्या लांबून धक्का कसा दिला?" एका माणसाने तर त्यांना क्रिकेटच्या चमूत घेतो म्हणून सांगितलं!

"अवं, हे काय होऊन राहिलं?" यादोराव गोंधळून गेले. सरितेने मग कबूल केलं आणि मोबाइल पुढे धरला. सहा लाख! म्हशीच्या दुप्पट!

विमलाबाईंनी व्हिडिओ पाहिला. एकदा पाहिला, दोनदा पाहिला. हसल्या नाहीत. त्यांचं रोटीकडे लक्ष नव्हतं, ताराचंदांकडे नव्हतं. त्या आपलं बोट पाहत होत्या. तेच बोट, तेच डोळे. एवढी वर्षं झाली, केस पिकले, दात गेले, आणि बोट अजून बाराच वर्षांचं!

"काढ हा!" त्या ओरडल्या. "आताच्या आता काढ!"

"पण आत्याबाई, तुमालेच तं साऱ्या मुलखानं पाहाले पाहिजे होतं!"

"साऱ्या मुलखानं पाहू दे. गोदीनं नको पाहाले!"

"आतापर्यंत तं गोदीसाठीच चाललं होतं ना?"

"तवा मी रोटी टाकून राहिली होती. आता मी लबाड बोलून राहिली आहे!"

सरितेला काही समजेना, यादोरावांना तर आधीपासूनच समजत नव्हतं. सरितेने व्हिडिओ काढला. पण तोवर तो घरोघरी पोचला होता. कोणी त्याला ढोल लावला होता, कोणी बोटापुढे बाण काढले होते. ताराचंदांचा रोटीसत्कार तेवढा कापून कोणीतरी वेगळा टाकला होता आणि त्याची गर्दी वेगळीच!

विमलाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. सत्यभामाबाई वही घेऊन पुन्हा येऊन गेल्या. ज्या गोदीची माफी मागायची तिने आता पाहिलं तर काय म्हणेल? विमली सुधारली नाही! माफी कुठल्या तोंडाने मागायची? अठ्ठेचाळीस वर्षं तिचा पत्ता मिळो म्हणणाऱ्या विमलाबाई आता भिलाईत वीज जावो म्हणून बसल्या.

तिसऱ्या दिवशी यादोरावांचा फोन वाजला. त्यांनी सवयीने सांगितलं, "हो, मीच तो धक्कावाला." मग फोन बायकोपुढे धरला. "अवं, तुह्यासाठी आहे. कोनी बाई आहे. म्हणे, त्या बोटवालीले देजा."

विमलाबाईंनी फोन कानाला लावला.

"विमली का वं?"

एवढ्या वर्षांनी त्यांना कोणी विमली म्हटलं होतं. "गोदे!"

"माह्या नातनीनं, रीनानं, दाखोला मले व्हिडिओ. सारे हासून राहिले होते. मी म्हटलं, थांबा रे, हे तं आपली विमली!"

"इतक्या वर्सानं तोंड ओळखलं तूनं माहं?"

"तोंड कायचं? तोंड तं तुहं वाळल्या वांग्यावानी झालं. बोट ओळखलं!"

विमलाबाईंना रडू कोसळलं. या वेळी चूल पेटलेली नव्हती. "गोदे, मले माफ कर वं. तो घडा म्या फोडला होता. तूनं नव्हता फोडला."

"मले मालूम आहे ना! मी तेथीच उभी होती!"

"तरी तू बोलली नाही. मार खाल्ला, पर माहं नाव नाही घेतलं. तुह्यावानी मन कोनाचं नाही, गोदे."

पलीकडे गोदावरीबाई खाकरल्या. "विमले, आता तूनं खरं सांगितलं, तं मी बी सांगतो. रागावशील का?"

"नाही वं."

"त्या दिवशी तुह्या मायनं पाहुन्यायसाठी गुळाची भेली आणून ठेवली होती ना? ते माह्या ओच्यात होती. तोंड उघडलं असतं तं हात सुटले असते आणि गूळ खाली पडला असता. म्हणून गप उभी होती."

विमलाबाईंचे डोळे कोरडे झाले. चौपन्न वर्षं ज्या तपस्विनीपुढे त्यांनी मान खाली घातली, तिच्या पोटाशी गूळ होता!

"गोदे," त्या हळूहळू म्हणाल्या, "तो गूळ गेला म्हणून दुसऱ्या दिवशी मायनं मले फुकणीनं झोडपलं होतं. चार हाणल्या होत्या. चार!"

"अगाई! मंग तूनं काहून नाही सांगितलं?"

"मले का मालूम कोनं खाल्ला ते? म्या तं बकरीचं नाव घेतलं होतं!"

त्यानंतर दोघी किती वेळ बोलल्या, हे यादोरावच सांगू शकतील, कारण फोन त्यांचा होता आणि तो बंद पडेपर्यंत त्यांच्या हातात परत आला नाही.

आता पुढे कोणाचं काय झालं ते सांगते. ताराचंदांना पुढच्या मोसमात अकरा गावांनी सत्काराला बोलावलं, आणि प्रत्येक ठिकाणी शालीऐवजी रोटी घातली. सत्यभामाबाईंच्या वहीत हा तंटा 'मिटला, पण कोणाचा ते कळले नाही' असा नोंदला गेला. सरितेला बचत गटाच्या बायका 'व्हिडिओ कसा चालतो' हे सांगायला बोलावू लागल्या. ती सगळं सांगते, तीन सेकंद, भावना, डोळ्यात डोळे. शेवटी कोणी विचारलं की तुमचा नेमका कशाने चालला, तर पाणी पिते.

दिवाळीनंतर गोदावरीबाई भिलाईहून आल्या आणि महिनाभर राहिल्या. दोघी मैत्रिणींचा रीतसर व्हिडिओ काढला. कोरडी लाकडं, एकमेकींच्या गळ्यात हात, खरीखुरी माफी, खरेखुरे अश्रू. त्रेचाळीस जणांनी पाहिला. लोकांना काय आवडतं, हे विमलाबाईंना अजून कळलेलं नाही. त्या म्हशीकडेही त्यांनी पुन्हा एकदा पाहून घेतलं. ती अजून बसलेलीच आहे.

गोदावरीबाई परत जायच्या आदल्या दिवशी अंगणात मोठा आवाज झाला. सरिता धावत गेली. पवनीच्या बाजारातून आणलेल्या नव्या घड्याच्या ठिकऱ्या झाल्या होत्या. सहासष्ट वर्षांच्या दोन बाया चुलीशी उभ्या होत्या, डोळे बशीएवढे, डाव्या हातांची बोटं बाजेकडे.

"यायनं धक्का देल्ला!"

बाज रिकामी होती. यादोराव सकाळच्या एस. टी.ने भंडाऱ्याला गेले होते. संध्याकाळी ते घरी आले, तुकडे पाहिले, दोघींकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि कान धरून माफी मागितली.